खान्देशातील गाण्याचे कार्यक्रम वेळेत शोधण्याची आणि त्यांची तयारी करण्याची पद्धत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील गाण्याची आवड असलेल्या माणसांकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. कार्यक्रम होऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून तो झाल्याचे कळते. त्यावरून बरेच जण असा निष्कर्ष काढतात की आपल्याकडे काही होतच नाही आणि गाणे ऐकायचे तर नाशिक-पुण्यालाच जावे लागते. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण आपला शोधण्याचा क्रमच चुकतो. आपण आधी जाहिरातीची वाट पाहतो. खान्देशातील बहुतेक गाणे मात्र तिकीटविक्रीवर उभे नसते. ते यात्रा समितीवर, सप्ताह मंडळावर, एखाद्या प्रतिष्ठानावर किंवा एखाद्या घराच्या कुळाचारावर उभे असते, आणि ज्याला तिकीट विकायचे नाही त्याला जाहिरातीवर खर्च करण्याचे कारण नसते. म्हणून येथे आधी तिथी, मग माणूस, मग तारीख व स्थळाची खात्री आणि सर्वांत शेवटी जाहिरात, असा क्रम ठेवावा लागतो. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतील एखादी पायरी मागेपुढे केली तर पुढची पायरी निरुपयोगी ठरते.

## 1. काय ऐकायचे आहे ते आधी ठरवावे

"गाण्याचा कार्यक्रम" असा मोघम शोध घेतल्यास हाती काहीच लागत नाही, कारण प्रत्येक प्रकाराचा आयोजक वेगळा, हंगाम वेगळा आणि वार्ता पसरण्याची वाटही वेगळी असते. शास्त्रीय गायन-वादनाची मैफल, नाट्यसंगीत व भावगीतांचा कार्यक्रम, सप्ताहातील कीर्तन, यात्रेतील तमाशा, वहीगायन (खान्देशातील एक लोकगायन प्रकार), कानबाईची (श्रावणात घरी बसवली जाणारी देवी) गाणी, अहिराणी गाण्यांचा मंचीय कार्यक्रम, उरुसातील कव्वाली आणि सातपुड्यातील ढोल आणि पावरी या फुंकून वाजवायच्या लोकवाद्याचे वादन यांपैकी आपल्याला पहिल्या वर्षी कोणते दोन किंवा तीन प्रकार ऐकायचे आहेत ते लिहून ठेवावे. सर्वच प्रकार एकदम घेतल्यास पुढच्या पायरीतील वही भरते खरी, पण कामाला येत नाही.

## 2. तिथीची वही तयार करावी

ही पायरी सर्वांत जास्त वेळ घेते. तिच्यासाठी एक दिनदर्शिका, एक वही आणि दोन तासांची शांत बैठक पुरते.

प्रत्येक प्रकारासमोर इंग्रजी तारीख न लिहिता तिथी लिहावी. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते. 2025 साली दत्तजयंती 4 डिसेंबरला होती, तर 2026 साली ती 23 डिसेंबरला आहे. "डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात" अशी गेल्या वर्षीची आठवण धरून 2026 मध्ये सारंगखेड्याला जाणारा माणूस जवळजवळ तीन आठवडे आधी पोहोचेल. हा फरक अधिक महिन्यामुळे पडतो. 2026 साली 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचे सर्व सण आदल्या वर्षीपेक्षा पुढे सरकतात. अधिक महिना नसलेल्या वर्षी हेच सण साधारण अकरा दिवस मागे येतात.

त्यानंतर वर्षाचा फेरा महिन्यांच्या क्रमाने भरावा. चैत्र पौर्णिमेला धुळ्यात एकवीरा देवीची यात्रा असते. वैशाखात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी असतात, आणि त्याच महिन्यात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. कार्तिकात जळगावचा श्रीराम रथोत्सव कार्तिकी एकादशीला असतो आणि त्याआधीचे काही दिवस वहनांचे व भजनांचे असतात. मार्गशीर्षात एकीकडे सारंगखेडा आणि दुसरीकडे साक्री-नवापूर पट्ट्यातील डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, ज्यात पावरी वाजते. माघ वद्यात महाशिवरात्रीला मुक्ताईनगरच्या यात्रेसाठी दिंड्या येतात. फाल्गुनात होळीपूर्वीच्या आठवडी बाजारांना सातपुड्यात भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींच्या बाजार-उत्सवाचे, रूप येते आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे राजवाडी होळी असते.

तिथीवर न चालणारे कार्यक्रम वेगळ्या पानावर लिहावेत. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव जानेवारीच्या आरंभी होतो, म्हणून तो या दुसऱ्या पानावर येईल. उरूस हिजरी दिनदर्शिकेने धरले जात असतील तर ते दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात आणि त्यांना अधिक महिन्याचा आधार नसतो, म्हणून त्यांच्यासाठी तिसरे पान ठेवावे. या तीन पानांची सरमिसळ ही वही बिघडण्याची पहिली खूण असते.

इशारा. रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर या सीमेलगतच्या तालुक्यांत मध्य प्रदेशातील हिंदी पंचांगेही वापरली जातात. त्यांत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे तो अमावास्येला संपतो. त्यामुळे वद्य पक्षातील तिथीला दोन्हीकडे महिन्याची नावे वेगळी पडतात. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला असते, तर हिंदी पंचांगात तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणून छापलेला असतो. सीमेपलीकडच्या नातेवाइकाने महिन्याचे नाव सांगितले तर पक्षही विचारून घ्यावा. शुद्ध पक्षात ही अडचण येत नाही.

तपासणी. वही पूर्ण झाल्यावर एकाच दिवशी येणाऱ्या दोन नोंदींभोवती वर्तुळ काढावे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास सारंगखेडा आणि डोंगऱ्यादेव दोन्ही येतात, आणि एका रात्रीत दोन्हीकडे जाण्याचा प्रयत्न केला तर दोन्हीकडचे ऐकणे अर्धवट राहते. निवड आताच करावी.

## 3. वार्ता ज्यांच्याकडे आधी पोहोचते त्या माणसांची यादी करावी

कार्यक्रमाची पत्रिका छापण्यापूर्वी आयोजकाला काही कामे करावीच लागतात. त्याला सभागृह आरक्षित करावे लागते, मंडपवाल्याला आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला तारीख द्यावी लागते आणि साथीदार ठरवावे लागतात. म्हणजेच आपण पत्रिका पाहतो त्याच्या कितीतरी आधी ही तारीख चार-पाच जणांच्या वहीत गेलेली असते. ओळख करायची ती या चार-पाच जणांशी.

शहरात नाट्यगृहाच्या कार्यालयात आरक्षणाची नोंद असते. जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आणि बालगंधर्व खुले नाट्यगृह, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आणि नंदुरबारला छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर येथे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन नम्रपणे विचारावे. दुसरा माणूस म्हणजे तबला-पखवाजाला पुडी (वाजवायचे कातडे) चढवणारा आणि पेटी दुरुस्त करणारा कारागीर. मोठ्या कार्यक्रमाआधी वाद्ये त्याच्या दुकानात येतातच. तिसरे म्हणजे संगीत वर्ग चालवणारे शिक्षक, कारण बाहेरचा कलावंत आला की तानपुऱ्याला कोण बसणार आणि संवादिनीची साथ कोण करणार हे बहुधा त्यांच्याच विद्यार्थ्यांतून ठरते. गावात यात्रा समितीचे सदस्य, सप्ताहाचे विणेकरी आणि भजनी मंडळाचा पखवाजवादक यांच्याइतकी पक्की वार्ता दुसऱ्या कोणाकडे नसते. पखवाजवादक तर पंचक्रोशीतील प्रत्येक सप्ताहात बसलेला असतो.

प्रश्न कसा विचारावा, यावर बरेच अवलंबून आहे. "काही कार्यक्रम आहे का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर सहज मिळते, कारण समोरच्याला त्या क्षणी काही आठवत नाही. "पुढच्या महिन्यात तुमच्या कोणकोणत्या तारखा लागल्या आहेत?" असे विचारले की तो माणूस वही उघडतो. यात्रेच्या गावी पारावर बसलेल्या आजोबांना शुद्ध मराठीत लांबलचक विचारण्यापेक्षा "औंदा यात्रामा कोना तमाशा शे?" एवढे विचारावे. उत्तरासोबत गेल्या पाच वर्षांचा हिशेबही मिळतो, आणि तोही वहीत लिहून ठेवण्यासारखाच असतो.

वर्तमानपत्रातील स्थानिक पानावरचा "आजचे कार्यक्रम" हा रकाना वाचावा, मात्र त्याचा उपयोग खात्रीसाठी आहे, शोधासाठी नाही. तो त्याच दिवशी सकाळी येतो, आणि तोपर्यंत प्रवेशिका संपलेल्या असतात.

## 4. मिळालेली वार्ता खरी आहे का ते पडताळावे

सर्वाधिक फेऱ्या वाया जातात त्या या पायरीवर. मी स्वतः एकदा मोबाइलवर फिरत आलेली पत्रिका पाहून अमळनेरहून जळगावला गेलो आणि सभागृहासमोर उभा राहिल्यावर कळले की ती पत्रिका आदल्या वर्षीची होती. पत्रिकेवर तारीख आणि वार होता, साल नव्हते. वार जुळवून पाहण्याचे मला सुचले असते तर घरीच उलगडा झाला असता, कारण एखादी तारीख सलग दोन वर्षे एकाच वारी येत नाही. 4 जानेवारी 2025 रोजी शनिवार होता आणि 4 जानेवारी 2026 रोजी रविवार.

म्हणून कोणतीही पत्रिका हाती आली की पहिल्यांदा तारीख आणि वार दिनदर्शिकेशी जुळवावेत. ते जुळले नाहीत तर पत्रिका जुनी आहे किंवा छपाईत चूक आहे, आणि दोन्ही प्रसंगी निघण्यापूर्वी दूरध्वनी करणे आवश्यक आहे. त्यानंतर स्थळ पूर्ण वाचावे. महोत्सवाच्या नावात बालगंधर्व आहे म्हणून तो बालगंधर्व खुल्या नाट्यगृहातच असेल, असे गृहीत धरू नये. नाव आणि स्थळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चुकीच्या सभागृहातून योग्य सभागृहापर्यंतचे अंतर ऐनवेळी कापताना पहिला ख्याल हातचा जातो. तिसरी बाब प्रवेशाची. "प्रवेश विनामूल्य" आणि "प्रवेश प्रवेशिकेनेच" ही दोन्ही वाक्ये एकाच पत्रिकेवर असू शकतात. त्याचा अर्थ असा की पैसे लागत नाहीत, पण प्रवेशिका आधी जाऊन आणावी लागते. ती कोठे आणि कोणत्या दिवसापासून मिळते, ते पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत असते.

इशारा. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक चालवण्यास 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा मध्यरात्री 12 पर्यंत वाढवू शकते. बंद सभागृहाला हा नियम त्याच रीतीने लागू होत नाही. त्यामुळे खुल्या मैदानावरचा कार्यक्रम सायंकाळी 6 ला ठेवलेला असेल तर तो साधारण चार तासांत आटोपणारच आहे, आणि "आपल्याकडे कार्यक्रम उशिराच सुरू होतात" या समजुतीने 8 वाजता जाणाऱ्याला अर्धाच कार्यक्रम मिळतो.

तपासणी. आयोजकाला किंवा त्याच्या सहकाऱ्याला दोनदा विचारावे, एकदा आठवडाभर आधी आणि एकदा त्याच दिवशी सकाळी. कलावंताची प्रकृती, अवकाळी पाऊस किंवा गावातील एखादे दुःखद निधन यांमुळे कार्यक्रम पुढे ढकलला जातो आणि मोबाइलवर फिरणारी जुनी पत्रिका कोणी मागे घेत नाही.

## 5. परतीचा प्रवास आधी ठरवावा, जाण्याचा नंतर

भुसावळ-जळगाव-अमळनेर-दोंडाईचा-नंदुरबार हा रेल्वेमार्ग गाणे ऐकणाऱ्यांना फार सोयीचा आहे. चाळीसगाव-धुळे ही शाखाही उपयोगाची आहे. परंतु रात्रीच्या परतीच्या गाडीची वेळ आधी पाहिली नाही तर शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे पाहण्यात जातो, आणि भैरवी सुरू असताना रांगेतून उठून जाण्याची वेळ येते. शेवटची एसटी कोणती याची चौकशी आगारातच करावी, कारण मुक्कामी गाड्यांच्या वेळा बदलत असतात. सारंगखेड्याला जाणाऱ्यांना दोंडाईचा हे स्थानक जवळचे आहे, मात्र यात्रेच्या दिवसांत तापीच्या पुलावर आणि शहाद्याकडच्या रस्त्यावर वाहनांची गर्दी असते. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघावे.

सातपुड्यातील कार्यक्रमांना मुक्कामाशिवाय जाऊच नये. काठीच्या होळीला ढोल आणि नाच रात्रभर चालतो आणि होळी पहाटे पेटते. रात्री 11 वाजता परत निघणाऱ्याने काहीच पाहिलेले नसते. तेथे मोबाइलची सेवा अनेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून रस्ता आधीच कागदावर लिहून घ्यावा आणि तेथील एका ओळखीच्या कुटुंबाला आपण येत असल्याचे कळवून ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी आणि पायथ्याच्या गावांत रात्री चांगलीच थंडी पडते. शाल किंवा गोधडी, पाण्याची बाटली आणि बॅटरी एवढे सोबत असले की पुरे.

## 6. वाट पाहण्याचे दिवस कानाच्या तयारीसाठी वापरावेत

तारीख पक्की झाल्यापासून कार्यक्रमापर्यंत जे दोन-तीन आठवडे मिळतात, ते बहुतेक जण नुसते जाऊ देतात. माझ्या मते संपूर्ण खटाटोपातील सर्वांत सुखाचे दिवस हेच असतात. तयारी करून गेलेल्या माणसाला तोच कार्यक्रम दुप्पट ऐकू येतो.

शास्त्रीय मैफल असेल तर वेळ पाहून रागाचा अंदाज बांधावा. सायंकाळी दिवेलागणीला मैफल सुरू होत असेल तर मारवा, पूरिया धनाश्री यांसारखा संधिप्रकाशातील राग येण्याचा संभव असतो, आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन किंवा भूप. रोज एक राग, एकाच गायकाचा, सलग वीस मिनिटे ऐकावा. दहा गायकांची दोन-दोन मिनिटे ऐकल्याने कान तयार होत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, बड्या ख्यालात समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणे ओळखता आले, एवढीच तयारी पहिल्या वर्षी पुरे. ते एक साधले की तो ख्याल लांब वाटत नाही.

कीर्तनाला जायचे असेल तर त्या सप्ताहातील सेवेचा अभंग कोणता हे विणेकऱ्यांना विचारता येते, पण तो ऐनवेळीही ठरतो. त्यापेक्षा हरिपाठ तोंडपाठ असावा, म्हणजे सायंकाळच्या हरिपाठात उभे राहून टाळ धरता येतो, आणि केवळ श्रोता म्हणून गेलेला माणूस मंडळात सामावला जातो. तमाशाला जाणाऱ्याने गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम ध्यानात ठेवावा. ढोलकी-तुणतुण्याचे आणि गळ्याचे काम ऐकायचे असेल तर गण-गवळण चुकवून चालत नाही. उशिरा येऊन "आता गाणी कमी आणि बोलणेच जास्त" अशी तक्रार करणारे प्रेक्षक प्रत्यक्षात वगाच्या वेळी आलेले असतात.

लोकगीतांसाठी शब्दांची तयारी लागते. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली व पावरी (पावरा समाजाची बोली) अशी भाषा बदलत जाते, आणि जळगावात वाढलेल्या नव्या पिढीलाही यातील पुष्कळ शब्द अनोळखी असतात. कानबाईची गाणी किंवा वहीगायन ऐकण्यापूर्वी घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंजवळ अर्धा तास बसावे आणि दोन गाण्यांचे शब्द अर्थासह लिहून घ्यावेत. आमच्याकडच्या आज्यांना कोणी असे विचारले की त्या सुरुवातीला "मले काय येस" म्हणून टाळतात. मग एक ओळ म्हणून दाखवतात, आणि नंतर थांबत नाहीत. त्या अर्ध्या तासासाठी सुद्धा ही सारी तयारी करावी असे मला मनापासून वाटते.

इशारा. ज्या कलावंताला ऐकायला जायचे आहे त्याच्या गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे संपूर्ण चित्रीकरण आदल्या रात्री पाहू नये. मग प्रत्यक्ष कार्यक्रमात मन तुलना करत बसते आणि समोर जे चालले आहे ते निसटते.

## 7. प्रत्यक्ष स्थळी

नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. वाद्ये जुळवली जात असताना बसलेला श्रोता स्वर कोठे लागला आहे हे आधीच ऐकून घेतो, आणि पहिल्या आलापापासून तो गायकासोबत असतो. बसण्याची जागा ध्वनिक्षेपकाच्या समोर घेऊ नये. मध्यभागी बसल्यास गळा आणि साथ दोन्ही समतोल ऐकू येतात. सर्वांत पुढच्या रांगा बहुधा निमंत्रितांसाठी राखीव असतात. तेथे बसून नंतर उठवले जाण्यापेक्षा स्वयंसेवकाला आधीच विचारावे.

घरगुती आणि धार्मिक प्रसंगी वेगळी काळजी घ्यावी लागते. कानबाई हा कुळाचार आहे. रविवारी रात्री जागरणात गाणी होतात आणि सोमवारी विसर्जन होते. 2026 साली नागपंचमी 17 ऑगस्टला असल्याने हा रविवार 23 ऑगस्टला येतो. भाऊबंदकीतील किंवा ओळखीच्या घराने बोलावल्याशिवाय तेथे जाऊ नये. बोलावले तर आधी दर्शन घ्यावे, रोटाचा प्रसाद कोणाला देतात याची त्या घरची रीत विचारावी, आणि चित्रीकरणाची परवानगी घरातील ज्येष्ठ स्त्रीकडेच मागावी. होळीच्या नाचात घुंगरू बांधून सहभागी झालेल्यांपैकी अनेक जण नवस पाळत असतात. त्यांना हात लावणे, छायाचित्रासाठी थांबवणे किंवा त्यांचा ढोल उचलून पाहणे योग्य नाही.

तपासणी. मोबाइलचा आवाज बंद आहे, परतीच्या गाडीची वेळ कागदावर आहे आणि वही-पेन खिशात आहे, एवढे पाहून बसावे.

## 8. त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी नोंद करावी

कलावंत, साथीदार, राग किंवा गाण्याची पहिली ओळ, प्रत्यक्ष सुरू होण्याची व संपण्याची वेळ आणि तारीख ज्याने सर्वांत आधी सांगितली त्या माणसाचे नाव, या गोष्टी लिहाव्यात. शेवटची नोंद सर्वांत उपयोगाची आहे, कारण दोन वर्षांनी वही चाळली की कोणाकडून पक्की वार्ता मिळते आणि कोणाकडून नुसती ऐकीव, हे स्पष्ट दिसते. मंडप उतरवताना आयोजकांना भेटून चांगल्या वाटलेल्या गोष्टीचा नेमका उल्लेख करावा आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेसाठी आपले नाव व पत्ता त्यांच्या यादीत घालण्याची विनंती करावी. लहान मंडळांकडे अशी यादी बहुधा एका जाड वहीत असते आणि तिच्यातील नावे वर्षानुवर्षे टिकतात. घरी आल्यावर त्या कार्यक्रमाची पुढच्या वर्षीची तिथी दिनदर्शिकेत पाहून, तिच्या सहा आठवडे आधीच्या पानावर त्या माणसाला दूरध्वनी करण्याची खूण करून ठेवावी.